दहा गायी, दुधात सहाच! सप्टेंबर ते दिवाळी, गोठ्याचा खरा हिशोब



दुग्धव्यवसायावर काहीही बोललो की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, एका गायीमागे महिन्याला किती सुटतात?" हा प्रश्न विचारताना मनात जी गाय असते ती नेहमी दूध देणारी असते. भरलेली कास, किटलीत फेस, हातात डेअरीची पावती. मागच्या दावणीला बांधलेली, दूध न देता कुट्टी खाणारी गाय कुणाच्याच मनात नसते. गोठा तरला की बुडाला हे मात्र बहुतेक वेळा तीच ठरवते. आणि वर्षभर अशा किती गायी तुमच्या दावणीला राहणार, याचा निकाल सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत लागतो.

का, ते सांगतो. पण आधी कागद-पेन घ्या. मोबाईल नको, कागदच घ्या.

समजा तुमच्याकडे १० संकरित एचएफ गायी आहेत आणि ३ कालवडी. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या गावात पेंडीचं पोतं नि कडब्याचा भाव वेगळा असेल, तिथे तुमचा आकडा टाका. रीत तीच राहील.

दुधातल्या गायीचा एका दिवसाचा खुराक: १५ किलो मुरघास ५ रुपये किलोने ७५, १० किलो हिरवी वैरण ३ रुपयांनी ३०, ४ किलो कडबा कुट्टी १० रुपयांनी ४०, ६ किलो गोळीपेंड ३४ रुपयांनी २०४, खनिज मिश्रण ११. बेरीज ३६० रुपये. गाय सरासरी १६ लिटर देते. म्हणजे लिटरमागे खाद्याचा खर्च साडेबावीस रुपये. डेअरीचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला ३४ रुपये धरू. लिटरमागे साडेअकरा रुपये हातात! इथेच बरेच जण वही मिटतात आणि कर्जासाठी बँकेत जातात.

वही मिटू नका. आता आटलेली गाय. ८ किलो मुरघास ४०, १० किलो हिरवं ३०, ५ किलो कडबा ५०, २ किलो पेंड ६८, खनिज मिश्रण ११. बेरीज १९९, आपण २०० धरू. कालवडीला दिवसाला १०० रुपये धरा.

आता दहापैकी ६ गायी दुधात आणि ४ आटलेल्या आहेत असं समजा. खर्च असा: सहा गायींचे २,१६०, चार गायींचे ८००, तीन कालवडींचे ३००. एकूण ३,२६० रुपये. दूध ९६ लिटर, त्याचे ३४ रुपयांनी ३,२६४ रुपये. दिवसाला शिल्लक किती? ४ रुपये. अजून मजुरी, लाईट बिल, डॉक्टर, कर्जाचा हप्ता, काहीच धरलेलं नाही.

त्याच गायी, तोच चारा, तोच दर. फक्त ८ गायी दुधात आणि २ आटलेल्या. खर्च २,८८०, ४०० आणि ३०० मिळून ३,५८०. दूध १२८ लिटर, त्याचे ४,३५२ रुपये. शिल्लक ७७२. महिन्याला २३ हजारांच्या वर.

पेंडीचा भाव कमी झालेला नाही. दर वाढलेला नाही. एकाही गायीने जास्त दूध दिलेलं नाही. फक्त दावणीवरचं प्रमाण बदललं. दुधाच्या दरावर तुमचं-माझं चालत नाही. २०२४ मध्ये तर गायीच्या दुधाचे दर इतके खाली होते की राज्य सरकारला लिटरमागे आधी ५ आणि पुढे ७ रुपये अनुदान द्यावं लागलं. हे प्रमाण मात्र तुमच्या हातात आहे.

सहाच्या आठ कशा होतात?

गाय १० महिने दूध देऊन आटली आणि दर १६ महिन्यांनी व्याली, तर कोणत्याही दिवशी दहातल्या सहाच दुधात सापडणार. तीच गाय दर १३ महिन्यांनी व्याली, ११ महिने दूध देऊन २ महिने आटली, तर दहातल्या आठ-साडेआठ दुधात राहणार. दोन वेतांतलं हे अंतर कशाने वाढतं? गाय वेळेवर गाभण न राहिल्याने. तुम्ही बियाणं, खत, पेंड यांच्या भावावर घासाघीस करता. चुकलेल्या माजाचं बिल कुणी हातात देत नाही, म्हणून ते दिसत नाही.

एक माज चुकला की पुढचा २१ दिवसांनी. तेवढे दिवस तिचा भाकडकाळ लांबला. २१ गुणिले २०० म्हणजे ४,२०० रुपये नुसता चारा गेला. गोठ्यातल्या चार गायींचे दोन-दोन माज चुकले तर ३३,६०० रुपये. न मिळालेलं दूध वेगळंच.

आता या तीन महिन्यांचा मुद्दा. पाऊस ओसरतो, ऑक्टोबरची हीट येऊन जाते आणि मग रात्री गार व्हायला लागतात. पावसाळ्यात चिखल, गोमाश्या आणि दमट हवेने बेजार झालेली एचएफ गाय आता नीट खायला लागते, माज स्पष्ट दाखवायला लागते. म्हशीचं तर याहून ठळक. दिवस लहान व्हायला लागले की म्हैस माजावर येते. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा तिचा मुख्य हंगाम. तो हुकला की उन्हाळाभर ती दाद देत नाही आणि तुम्ही पुढच्या सप्टेंबरची वाट बघत बसता. ज्यांच्याकडे म्हशी आहेत त्यांनी हे वाक्य गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं तरी चालेल.

म्हशीत आणखी एक अडचण आहे, मुका माज. गाय हंबरते, दुसरीवर उड्या मारते. म्हैस बऱ्याचदा काहीच करत नाही. दूध अचानक कमी देते, वारंवार थोडी थोडी लघवी करते, काचेसारखा चिकट सोट टाकते, बस. हे दिसतं पहाटे नाहीतर रात्री. म्हणून पहाटे धार काढायच्या आधी पंधरा मिनिटं आणि रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं बॅटरी घेऊन प्रत्येक जनावराच्या मागून फिरा. हातात मोबाईल असेल तर फिरण्याचा उपयोग नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. "डॉक्टर उद्या मोकळे आहेत, उद्या बघू" ही गोष्ट ४,२०० रुपयांना पडते.

तारखांचं गणितही बघा. गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांनी. १५ ऑक्टोबरला भरलेली गाय पुढच्या वर्षी २२ जुलैच्या आसपास विणार, म्हैस २१ ऑगस्टच्या आसपास. व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत दूध सगळ्यात वर जातं. म्हणजे म्हैस ऐन कोजागरी-दिवाळीच्या तोंडावर भरात. पुढच्या दिवाळीला बासुंदी नि खव्यासाठी जे दूध तुम्ही विकणार आहात, त्याची पेरणी या ऑक्टोबरात होते.

पण सगळ्याच गायी एकाच महिन्यात भरवू नका. हिवाळ्यात सगळीकडे दूध वाढतं तेव्हा दर दबतो, आणि उन्हाळ्यात डेअरीवाला दूध शोधत येतो तेव्हा तुमचा गोठा आटलेला असतो. म्हशीचा हंगाम निसर्गाने बांधून दिलाय, तिथे फार काही करता येत नाही. गायींना तो बांध नाही. दर महिन्या-दीड महिन्याला एखादी गाय विते अशी साखळी बसवा. ती बसायला दोन वर्षं लागतात, एका हंगामात होत नाही.

आधी मोजणी

या रविवारी एक काम करा. डॉक्टरांना बोलवा आणि रेतन होऊन दोन-तीन महिने झालेल्या प्रत्येक गायीची गर्भतपासणी करून घ्या. "उलटली नाही म्हणजे गाभण असेल" यावर सहा महिने चारा घालणारे गोठे मी मोजता येणार नाहीत इतके बघितलेत. सहाव्या महिन्यात कळतं की गाय रिकामीच आहे.

तपासणी झाली की वहीत चार रकाने पाडा. दुधात आणि गाभण. दुधात पण रिकामी. आटलेली आणि गाभण. आटलेली आणि रिकामी. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्याची काळजी नको, ती जनावरं आपलं काम करतायत. दुसऱ्या रकान्यात व्याल्यापासून तीन महिने उलटलेली गाय असेल तर तिच्यावर लक्ष ठेवा. चौथा रकाना तुमचा खिसा कापतो. तिथल्या प्रत्येक गायीसाठी डॉक्टरांना विचारा: कारण काय आहे, इलाज आहे का, किती दिवसांत कळेल. गर्भाशयाचा संसर्ग असेल, खनिजांची कमतरता असेल, नुसती हडकलेली असेल. इलाज असेल तर करा, तारीख ठरवा. तारीख टळली तर काळजावर दगड ठेवून निर्णय घ्या. आजीने वाढवलेली गाय असेल तर ठेवा, माझी काही हरकत नाही, पण तिचा खर्च घरखर्चात लिहा, धंद्यात नको.

कालवडींसाठी सेक्स्ड सीमेनचा विचार करा. त्यात मादी वासरू होण्याची शक्यता साधारण ९० टक्के असते. कालवडीत गर्भ राहण्याचं प्रमाण चांगलं असतं, म्हणून हे महाग रेतन तिथे वापरावं. तीनदा उलटलेल्या म्हाताऱ्या गायीवर ते वापरणं म्हणजे पैसे पाण्यात.

चारा आत्ता घ्यायचा, पैसे आत्ता कुठून आणायचे?

आता सगळ्यात मोठा खर्च. आणि इथे बहुतेक नवे उद्योजक अडकतात, कारण चारा स्वस्त असतो तेव्हा हातात पैसे नसतात आणि पैसे येतात तेव्हा चारा महाग झालेला असतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरला बांधावर हिरवंगार असतं. हे हिरवं फसवं असतं. त्यात पाणी जास्त, पोट भरतं, दूधही दिसतं, पण फॅट खाली येते. सोबत सुका चारा गेलाच पाहिजे. आणि हाच कडबा याच दिवसांत महाग असतो, कारण मागच्या फेब्रुवारी-मार्चचा संपत आलेला असतो आणि नवीन शाळूची तर आत्ता कुठे पेरणी चालू असते. ज्याने मार्चमध्ये गंज रचून ठेवली त्याला आत्ता काही वाटत नाही. ज्याने ठेवली नाही त्याने आत्ता महागाचा कडबा भरमसाट घेऊ नये. या दिवसांत निघणारी दुसरी वैरण शोधा. बाजरीचं सरमाड, कणसं काढून घेतलेल्या मक्याची ताटं, सोयाबीनचं भुसकट, मावळ-कोकणाकडे भाताचा पेंढा. सोयाबीन मळणीनंतर कित्येक शेतकरी भुसकट बांधावर पेटवून देतात. ट्रॉली घेऊन जा, भाड्याच्या पैशात मिळतं. एकट्या भुसकटावर जनावर ठेवू नका, दोन-तीन किलो दुसऱ्या वैरणीत मिसळून घाला.

परतीच्या पावसाकडे मात्र लक्ष ठेवा. भिजलेल्या वैरणीला बुरशी लागली की ती खायला घालायची नाही. "थोडीशीच आहे, वरची काढून टाकतो" असं करू नका. बुरशीचं विष दुधात उतरतं, अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्याला. दूध तपासणीत ते सापडलं तर अख्ख्या संकलन केंद्राचं दूध परत येऊ शकतं. आणि गाभण गाय गाभडली तर वर्ष गेलं.

आता मुरघास. खरिपाचा मका दाणे दुधाळ ते चिकाच्या अवस्थेत असताना कापायचा, कुट्टी करायची, दाबून हवा काढायची, झाकायचं. दीड महिन्यात तयार होतो. किती लागेल? आपल्या दहा गायी नि तीन कालवडींना रोज १५० किलो धरा. नोव्हेंबर ते मे, २१० दिवस. साडेएकतीस टन. नासाडी धरून ३५ टन. एका घनफुटात साधारण १६ किलो बसतो, म्हणजे ४५ फूट लांब, १० फूट रुंद आणि ५ फूट खोल खड्डा. नीट पोसलेल्या मक्याचे एकरी १५ ते २० टन धरले तर दोन एकरांच्या आसपास मका लागला. स्वतःचं रान नसेल तर शेजाऱ्याचा उभा मका गुंठ्यावर घ्या. सौदा मका तुऱ्यावर असतानाच करा, कणसं भरल्यावर त्याला व्यापारी भेटतो.

खर्च? ५ रुपये किलोने ३५ टनांचे १,७५,००० रुपये. एकदम. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. दर दहा दिवसांच्या बिलावर जगणाऱ्या गोठ्याला हा आकडा बघूनच घाम फुटतो. मग लोक काय करतात? "लागेल तसा बॅगेतला घेऊ." उन्हाळ्यात तोच मुरघास गाडीभाड्यासकट साडेसात रुपयांना पडला तर ३५ टनांवर ८७,५०० रुपये जास्त गेले. आता दुसरी बाजू. किसान क्रेडिट कार्ड हे पिकांसाठीच असतं असं अजून बरेच जण समजतात. पशुपालनाच्या खेळत्या भांडवलासाठीही ते मिळतं, २ लाखांपर्यंत ७ टक्के व्याजाने, आणि वेळेवर भरलं तर ३ टक्के सवलत मिळून व्याज ४ टक्क्यांवर येतं. १,७५,००० चं वर्षाचं व्याज ४ टक्क्यांनी ७,००० रुपये. सवलत नाही मिळाली तरी १२,२५०. ८७,५०० वाचवायला ७,००० चं व्याज, हा सौदा कुणीही करील. फक्त बँकेत ऑगस्टलाच जा. मका कापणीला आल्यावर फाईल दिली तर मंजुरी येईपर्यंत मका वाळून जाईल.

हे कर्ज चाऱ्यासाठीच वापरा, बरं का. मी लग्नसराईत गेलेले केसीसी पण बघितलेत.

एवढ्यात एक तुकडा लसूण घासाचा लावून टाका. ऑक्टोबर-नोव्हेंबर ही त्याची पेरणीची वेळ. राहुरी कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा वाण आपल्याकडे चांगला रुळलाय. एकदा लावला की वर्षानुवर्षं कापण्या मिळतात आणि गोळीपेंडेतलं थोडं प्रोटीन शेतातूनच येतं. पाण्याची सोय मात्र पाहिजे.

कारखाना सुरू झाला की वाढे फुकट, पण…

पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ऊसतोड सुरू झाली की वाढ्याचा पूर येतो. स्वस्त, हिरवं, घरासमोर. लोक दोन महिने बाकी सगळं बंद करून वाढ्यावरच गोठा चालवतात. वहीत खर्च कमी दिसतो. पण वाढ्यात ऑक्झालेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. आणि नेमक्या याच दिवसांत तुमच्या गायी-म्हशी वितायत. व्याल्यावर चिकात आणि दुधात एकदम भरपूर कॅल्शियम जातं. आधीच कमी असलेलं जनावर बसतं. मान पोटाकडे वळवून पडलेली, कान गार पडलेली गाय तुम्ही बघितली असेल, तोच मिल्क फिवर. बहुतेक वेळा व्याल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत होतो. डॉक्टर वेळेत पोहोचले तर शिरेतून कॅल्शियम दिल्यावर उठते. रात्री दोन वाजता नाही पोहोचले तर ८०-९० हजारांची गाय सकाळी नसते.

म्हणून वाढे घाला, पण निम्म्याहून कमी, कुट्टी करून, दुसऱ्या वैरणीत मिसळून. वरून चुन्याची निवळी शिंपडतात ती पद्धत चांगली आहे. आणि विण्याच्या बेतातल्या गायीला शेवटचे तीन-चार आठवडे वाढे नकोच.

विण्याच्या आधी साठ दिवस गाय आटवायची. हे साठ दिवस वाचवायचा मोह होतो, विशेषतः दिवाळीच्या आठवड्यात. "अजून चार लिटर देते, कशाला आटवू?" ती चार लिटर काढली तर पुढच्या अख्ख्या वेतात त्याच्या कितीतरी पट कमी येतं, कारण कासेला भरून यायला वेळच मिळत नाही. आटवताना पेंड कमी करा, धारा कमी करा, आणि शेवटच्या धारेनंतर चारही सडांत डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधाची ट्यूब सोडा. दगडी होऊन एक सड गेला की गायीची किंमतही उतरते, दूधही.

वासरू झालं की तासाभरात चिक पाजा. दिवसाला वजनाच्या एक दशांश, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर. चिकाचा खरवस शेजारी वाटायला पुरतो तेवढा नंतर उरतो, पहिला हक्क वासराचा.

रोगराईचा खर्च आधी करायचा की नंतर?

तोडणी कामगारांच्या टोळ्यांबरोबर बैल येतात. वेगवेगळ्या जिल्ह्यांतली जनावरं एका रस्त्याने, एका पाण्यावर येतात. लाळ्या-खुरकूत पसरायला याहून सोयीचं काही नाही. त्याची लस राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळते, वर्षातून दोनदा. कानात १२ अंकी बिल्ला असलेल्या जनावराची नोंद होते, तो मारून घ्या. काही जण लस टाळतात, कारण दोन दिवस दूध कमी येतं. दोन दिवसांचं दूध विरुद्ध तोंडात फोड येऊन महिनाभर न खाणारी गाय, तुम्हीच तोला. मादी वासरं ४ ते ८ महिन्यांची असतील तर त्यांना ब्रुसेल्लाची लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. ती वेळ गेली की गेली.

लंपी विसरला नसाल. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात सापडला आणि सप्टेंबरात राज्यातले जनावरांचे बाजार बंद करायची वेळ आली. तेव्हापासून पावसाळा आला की तो डोकं वर काढतो. त्याची लस आणि माश्या-गोचिडांचा बंदोबस्त, दोन्ही पाहिजे. गोचीड गायीच्या अंगावर कमी आणि भिंतीच्या फटीत जास्त असतो, म्हणून अंगावर औषध मारून भागत नाही. फटी बुजवा, गोठा फवारा, गव्हाणीत औषध पडू देऊ नका.

पावसाळा संपताना जंतनाशक द्या. पाणथळ रानात, कालव्याकाठी चरणाऱ्या जनावरांत लिव्हर फ्लूक असतो, त्याला वेगळं औषध लागतं, म्हणून आधी शेण तपासून घ्या. मेडिकलवरून गोळी आणून परस्पर देऊ नका. गाभणपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत काही जंतनाशकं चालत नाहीत, आणि औषधानंतर दूध किती दिवस विकायचं नाही हेही विचारा.

दिवाळीचा फरक

दिवाळीच्या तोंडावर गोकुळसारखे सहकारी संघ वर्षभराच्या दुधावर फरक वाटतात. वर्षातली ही एकच रक्कम एकगठ्ठा हातात येते. गावात त्या आठवड्यात टू-व्हीलरच्या शोरूमला गर्दी का असते, ते वेगळं सांगायला नको. सण करा, पोरांना कपडे घ्या. उरलेल्यात केसीसीचा भरणा, कडब्यासाठीची रक्कम आणि डॉक्टरांची मागची उधारी यांचा नंबर आधी लावा. मार्चमध्ये कडबा उतरतो तेव्हा रोख पैसेवाल्याला भाव मिळतो, ती रक्कम आत्ताच बाजूला काढा.

आणि याच आठवड्यात हमखास येणारा विचार: "एक गाय वाढवू." दिवाळीच्या सुमारास ताज्या व्यालेल्या गायी-म्हशींचा भाव चढा असतो, कारण दुधाला मागणी असते आणि सगळ्यांच्याच हातात पैसे असतात. लोणीच्या बाजारात गाय किंवा घोडेगावला म्हैस घ्यायला जाण्याआधी तुमच्या वहीतला चौथा रकाना बघा. तिथे दोन गायी असतील तर त्यांचा प्रश्न सुटल्याशिवाय अकरावी आणू नका. सहाच्या आठ करायला लागतो तो खर्च डॉक्टर, औषध आणि पहाटेची पंधरा मिनिटं एवढाच. अकरावी गाय लाखभर मागते आणि आठ महिन्यांनी तीही त्याच मागच्या दावणीला जाते.

तरी घ्यायचीच असेल, तर तीन धारा स्वतःच्या डोळ्यांसमोर काढा. बाजारातल्या धारेवर जाऊ नका, दोन वेळचं तुंबवलेलं दूध असतं ते. चारही सड वेगवेगळे तपासा. कानातला बिल्ला आणि लसीची नोंद बघा. घरी आणल्यावर २१ दिवस बाकीच्या जनावरांपासून लांब बांधा, आणि तिची धार सगळ्यात शेवटी काढा. तिची बादली, तिची गव्हाण, तिचं दावं वेगळं ठेवा.